डोकेदुखी, पाठीतलं पाणी आणि मेंदूतली बुरशी

गवतफूल

हा धागा काढावा की नाही, यात दोन महिने गेले. शेवटी रात्रपाळीच्या एका नर्सबाई म्हणाल्या, "लिहा हो, कुणीतरी वाचेल." म्हणून लिहितेय.

धाकट्या भावाचं मूत्रपिंड प्रत्यारोपण होऊन दोन वर्षं झाली होती. किडनी आईची. शरीराने ती नाकारू नये म्हणून प्रतिकारशक्ती खाली ठेवणारी औषधं: टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि थोडं स्टेरॉइड, सगळ्या गोळ्या घड्याळ लावून. क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला आकडा, वाढला की वाईट) छान. मग त्याचं डोकं दुखायला लागलं. आधी पहाटे, पुढे दिवसभर. ताप म्हणावा तर ९९ च्या वर जात नव्हता. मान आखडलेली नव्हती. आधी चष्म्याचा नंबर तपासून झाला, मग सायनस, मग अर्धशिशीच्या गोळ्या. प्रत्यारोपणाच्या डॉक्टरांना कळवलंच नाही, कारण पुढची तारीख तीन आठवड्यांवर होती आणि "डोकं दुखतंय" एवढ्यासाठी फोन काय करायचा! चौथ्या आठवड्यात त्याला एकाचे दोन दिसायला लागले आणि तो एकच प्रश्न तासाभरात चारदा विचारायला लागला. मग धावपळ.

सीटी स्कॅन जवळपास स्वच्छ आला. डॉक्टर म्हणाले, पाठीतलं पाणी (मेंदू आणि मज्जारज्जूभोवती असतं ते) तपासल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. आणि इथे आम्ही अडून बसलो. पाठीत सुई घातली की माणूस कमरेतून जातो, हे प्रत्येकाने कुणाकडून तरी ऐकलेलं होतं. सही मी करायची होती. मी दोन दिवस केली नाही.

तिसऱ्या दिवशी तो हाकेला ओ देईना, तेव्हा केली. पाण्याचा दाब ३८ सेंटिमीटर निघाला. आडवं झोपवून मोजला तर तो साधारण २० च्या आत असतो. त्याच संध्याकाळी निदान आलं: क्रिप्टोकॉकसचा मेंदूज्वर. मेंदूत बुरशी. हे दोन शब्द मी त्याआधी एकत्र ऐकलेच नव्हते.

तो आता घरी आहे. ज्यांच्या घरात प्रत्यारोपण झालेलं, केमो चालू असलेलं, एचआयव्ही असलेलं किंवा वर्षानुवर्षं स्टेरॉइड घेणारं कुणी आहे, त्यांच्यासाठी हा धागा. जाणकारांनी भर घालावी, माझं चुकलं असेल तिथे कान धरावा.

सूक्ष्मदर्शी

गवतफूल, चांगले केलेत लिहिलेत ते. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत काम करतो. रुग्ण माझ्यापर्यंत येत नाहीत, त्यांच्या बाटल्या येतात.

क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स ही गोल यीस्ट आहे आणि तिच्याभोवती शर्करेच्या लांब रेणूंचे जाड, बुळबुळीत वेष्टण असते. पाठीतल्या पाण्याच्या थेंबात काळी शाई मिसळली की शाईचे कण त्या वेष्टणात शिरू शकत नाहीत. मग काळ्या पार्श्वभूमीवर चंद्राला खळे पडावे तशी एकेक पेशी दिसते. इतक्या वर्षांनंतरही ते दृश्य दिसले की मी क्षणभर खुर्चीत मागे टेकतो. सुंदर दिसते, आणि त्याचा अर्थ माहीत असतो.

शाईवर विसंबून मात्र राहू नये. बुरशी थोडी असेल तर ती शाईत निसटते. हल्ली त्या वेष्टणाचाच अंश शोधणारी अँटिजेन पट्टी मिळते, दहा मिनिटांत रेघ उमटते. ही चाचणी रक्तावरही होते. एचआयव्ही असलेल्यांमध्ये मेंदूची लक्षणे सुरू होण्याच्या काही आठवडे आधीच ती रक्तात होकारार्थी येऊ शकते. म्हणून सीडी-४ पेशी (एचआयव्ही ज्या मारतो त्या प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) १०० च्या खाली असतील, आणि शक्य असेल तिथे २०० च्या खाली असल्या तरी, डोके दुखो न दुखो, ही चाचणी करून घ्यावी असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. त्या टप्प्यावर सापडली आणि पाठीतले पाणी स्वच्छ असले, तर फ्लुकोनाझोल या बुरशीविरोधी औषधाच्या नुसत्या गोळ्यांवर काम भागते.

चौकस

वाचतोय. दोन भाबडे प्रश्न. हे एकापासून दुसऱ्याला होतं का? घरात लहान मुलं असतील तर? आणि बुरशी मुळात मेंदूपर्यंत पोचतेच कशी? तिथे तर म्हणे औषधंही सहजासहजी शिरत नाहीत.

सूक्ष्मदर्शी

नाही, शेजारी झोपून, एका ताटात जेवून, मिठी मारून होत नाही. ही बुरशी मातीत, झाडांच्या ढोलीत आणि पक्ष्यांच्या, विशेषतः कबुतरांच्या, जुन्या वाळक्या विष्ठेत असते. तिथून धुळीबरोबर श्वासात जाते. तुमच्या-माझ्याही गेली असेल. फुप्फुसात ती कोंडून ठेवली जाते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. पहारा ढिला झाला की ती बाहेर पडते. (अवांतर: १८९४ साली सानफेलिचे या इटालियन शास्त्रज्ञाला ती सापडली ती पीच फळाच्या रसात. त्याच वर्षी जर्मनीत बुसे याला एका स्त्रीच्या नडगीच्या हाडात सापडली. दोघांना एकमेकांचे काही माहीत नव्हते.)

दुसरा प्रश्न भाबडा मुळीच नाही. बहुतेक बुरश्यांना आपल्या शरीराचे ३७ अंशच सोसत नाहीत, आपला सगळ्यात जुना बचाव तोच. क्रिप्टोकॉकसला ते सोसतात. शिवाय मेंदूत मुबलक असणाऱ्या डोपामिनसारख्या रेणूंपासून ती स्वतःसाठी मेलॅनिन बनवते आणि त्याचे चिलखत घालते. आणि रक्त व मेंदू यांच्यामधली तटबंदी? तिला गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीच्या पोटात ती जिवंत राहते आणि त्या पेशीबरोबरच आत जाते. चोराने पोलिसाच्याच गाडीत बसून नाकाबंदी ओलांडावी, तसे. वाट ही एकच नाही, पण मला सर्वांत थक्क करणारी हीच.

अर्धविराम

स्पष्ट बोलतो, राग मानू नये. असे धागे वाचून निरोगी माणसं घाबरतात. माझं गेले चार दिवस डोकं दुखतंय. मीही पाठीत सुई टोचून घेऊ का?

गवतफूल

नाही हो. चार दिवस डोकं दुखणाऱ्या धडधाकट माणसाने हा धागा वाचून विसरून जावा. मी लिहिलंय ते ज्याच्या प्रतिकारशक्तीच्या पेशींना औषधाने किंवा आजाराने मुद्दाम झोपवलंय त्याच्याबद्दल. अशा माणसाला ताप चढायलाही प्रतिकारशक्ती लागते, मान आखडायलाही लागते. ती नाही म्हणूनच माझ्या भावाचा आजार इतका साधा दिसला. हे मला नंतर समजावलं गेलं, आणि समजलं तेव्हा फार वाईट वाटलं.

सूक्ष्मदर्शी

अर्धविराम, शंका रास्त आहे. आकडा देतो. एचआयव्ही असलेल्या लोकांत २०२० साली जगभरात या मेंदूज्वराचे सुमारे १,५२,००० रुग्ण आणि १,१२,००० मृत्यू झाले असावेत असा अंदाज आहे. एड्सशी निगडित मृत्यूंपैकी जवळजवळ पाचातला एक. जगाच्या लोकसंख्येपुढे हा आजार दुर्मिळच, पण ज्या गल्लीत तो फिरतो तिथे अजिबात नाही. २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने धोकादायक बुरश्यांची पहिली यादी काढली, १९ नावांची. सर्वांत गंभीर गटात क्रिप्टोकॉकस निओफॉर्मन्स आणि अ‍ॅस्परजिलस फ्युमिगेटस दोन्ही आहेत.

आणि निरोगी माणसे शंभर टक्के सुटतात असेही नाही. याच बुरशीची भावकी, क्रिप्टोकॉकस गॅटी, १९९९ पासून कॅनडाच्या व्हँकुव्हर बेटावर पसरली, आणि तिथले बरेच रुग्ण आधी ठणठणीत होते. क्लॅडोफियालोफोरा बँटियाना नावाची एक काळपट बुरशी मेंदूत गळू करते. तिच्यासारख्या काळ्या बुरश्यांच्या मेंदूतल्या नोंदलेल्या रुग्णांत निम्म्याहून अधिक जणांत प्रतिकारशक्तीचा काही दोषच सापडलेला नव्हता. ती प्रयोगशाळेतल्या बशीत उगवली की आम्ही झाकण उघड्यावर काढत नाही. पण हे खरोखर विरळा आहे. तुमच्या डोकेदुखीवर झोप घ्या.

पाणकावळा

आयसीयूत २१ वर्षं नर्स आहे. गवतफूलताई, सही न करणारे तुम्ही पहिले नाहीत आणि शेवटचेही नाही.

सुईबद्दल एकदाच नीट सांगते. मज्जारज्जू कमरेच्या वरच्या भागातच संपतो. सुई त्याच्या खाली जाते, तिथे पाण्यात तरंगणारे नुसते मज्जातंतू असतात. नंतर डोकं दुखू शकतं, पाठ ठणकते, क्वचित रक्तस्राव किंवा जंतुसंसर्ग होतो. म्हणून आधी रक्त गोठण्याची तपासणी आणि गरजेप्रमाणे स्कॅन. मेंदूत मोठी गाठ दाब देत असेल तर सुई घालतच नाहीत. हे सगळं बघूनच डॉक्टर सही मागतात.

आणि या आजारात सुई नुसती निदानासाठी नसते हो, ती उपचारच असते! बुरशीच्या त्या बुळबुळीत वेष्टणाने पाण्याचा निचरा तुंबतो. दाब वाढतो, डोळ्यांच्या नसा चेपतात, माणूस आंधळा होऊ शकतो, बहिरा होऊ शकतो. दाब २५ च्या वर असला तर २०-३० मिली पाणी काढायचं, २० च्या आत आणायचं, आणि पुन्हा वाढला तर दुसऱ्या दिवशी परत. मी एकाच रुग्णाचं रोज, सलग आठवडाभर काढलेलं पाहिलंय. ओरडत आलेला माणूस सुई निघायच्या आत शांत होतो. गोळीने तसं होत नाही.

आता अँफोटेरिसिन, शिरेतून द्यायचं बुरशीविरोधी औषध. पन्नासच्या दशकात व्हेनेझुएलाच्या ओरिनोको नदीकाठच्या मातीतल्या जिवाणूपासून मिळालेलं औषध, अजून गादीवर आहे. जुनी पिढी त्याला 'शेक अँड बेक' म्हणायची, कारण लावलं की रुग्ण खाटेसकट थडथड कापायचा आणि मग तापाने भाजून निघायचा. लायपोसोमल प्रकारात (औषध चरबीच्या सूक्ष्म थेंबांत बांधलेलं) हे बरंच कमी झालंय. ते डेक्स्ट्रोजमध्येच मिसळायचं, सलाइनमध्ये कधीही नाही, साका होतो. सलाइन आधी वेगळं द्यायचं, किडनी वाचवायला. पोटॅशियम आणि मॅग्नेशियम भराभर खाली येतात, रोज रक्त. नातेवाइकांना रोजच्या रक्ताचा कंटाळा येतो, तेव्हा हे सांगते.

जुना_खांब

आमचा अनुभव दुसऱ्या बुरशीचा. २०२१. वडिलांना मधुमेह, करोनात स्टेरॉइड सुरू, साखर ४०० च्या वर. एके सकाळी म्हणाले, गाल बधिर झालाय. दुपारी पापणी खाली आली. टाळूवर काळा डाग. म्युकर.

त्यात सुई नाही, काळी शाई नाही. नाकातून दुर्बीण घालून तुकडा काढला आणि अहवाल हातात यायच्या आत शस्त्रक्रियेची तयारी सुरू होती. ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते, त्या बंद पाडते, पुढचा भाग मरतो, आणि मेलेल्या भागात औषधाचं रक्त पोचतच नाही. म्हणून कापावं लागतं. नाकाच्या पोकळ्यांतून डोळा, डोळ्यामागून मेंदू, अशी तिची चाल. वडिलांचा वरचा जबडा आणि डावा डोळा गेला. मेंदूच्या उंबरठ्यावर थांबली.

त्या वर्षी भारतात ४० हजारांवर रुग्ण नोंदले गेले. घरोघरी 'काळी बुरशी' हा शब्द झाला, पण वर सूक्ष्मदर्शींनी लिहिलेल्या काळपट बुरश्या वेगळ्या आणि म्युकर वेगळी. ती स्वतः काळी नसते, तिने मारलेलं मांस काळं पडतं.

गवतफूल यांना तीन-चार आठवडे मिळाले. आम्हाला दीड दिवस.

सूक्ष्मदर्शी

जुना_खांब, अचूक. एक जोडतो. अ‍ॅस्परजिलसवर पहिल्या पसंतीचे औषध व्होरिकोनाझोल म्युकरवर चालत नाही. रक्तात बीटा-ग्लुकॅन (अनेक बुरश्यांच्या पेशीभिंतीतला घटक) शोधतात ती चाचणीही म्युकरमध्ये नकारार्थी येते, क्रिप्टोकॉकसमध्येही तिच्यावर भरवसा नाही. "बुरशीची टेस्ट निगेटिव्ह आली" हे वाक्य ऐकले तर कोणती टेस्ट, हे विचारावे.

दोन_ओळी

सहसा लिहीत नाही. मी रुग्ण आहे.

रक्ताच्या कर्करोगावर इब्रुटिनिब चालू होतं. एक दिवस शब्द सापडेनासे झाले. किल्लीला मी "ते उघडायचं" म्हणायला लागलो. बायको हसली, मग हसायची थांबली. एमआरआयमध्ये कडी असलेल्या तीन गाठी. क्षय असेल, टॉक्सोप्लाझ्मा असेल, कर्करोगच मेंदूत गेला असेल, यादी लांब होती. फुप्फुसातही एक ठिपका निघाला. शेवटी कवटीला छोटं भोक पाडून तुकडा काढला: अ‍ॅस्परजिलस. इब्रुटिनिब घेणाऱ्यांत ही बुरशी मेंदूत जाते, हे डॉक्टरांना माहीत होतं, मला नव्हतं. ते औषध बंद झालं.

व्होरिकोनाझोल चौदा महिने घेतोय. सुरुवातीला गोळीनंतर अर्धा तास सगळे रंग ओले दिसायचे, जुन्या भिंतीसुद्धा. ऊन सोसत नाही, दहा मिनिटांत कातडी लाल. औषधाची रक्तातली पातळी मोजत राहतात, कमी पडली तर बुरशी वाढते, जास्त झाली तर भास होतात आणि यकृत बिघडतं. मला एकदा भास झाले. कपाटातून कुणीतरी माझ्याशी व्याकरणावर वाद घालत होतं.

किल्ली हा शब्द आता येतो. 'परवा' अजून अडकतो.

निरोगी_मी

सर्वांना शुभेच्छा. मूळ कारण प्रतिकारशक्ती कमी हेच ना? मग ती वाढवणाऱ्या नैसर्गिक कॅप्सूल कोणी का सुचवत नाही? माझ्याकडे माहिती आहे, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.

पाणकावळा

व्यनि कुणी करू नका. प्रत्यारोपण झालेल्याची प्रतिकारशक्ती मुद्दाम खाली ठेवलेली असते, ती उठली की पहिला हल्ला आईने दिलेल्या किडनीवर होईल. वनस्पतींच्या काही अर्कांनी टॅक्रोलिमसची पातळी घसरते, काहींनी चढते. 'नैसर्गिक' आहे म्हणून यकृत त्याला वेगळी रांग लावत नाही. बुरशीसुद्धा नैसर्गिकच आहे.

चौकस

पाणकावळा यांना +१. अजून एक. माझ्या मामेभावाला क्षयाचा मेंदूज्वर झाला होता, तेव्हा स्टेरॉइड दिलं होतं आणि त्यानेच तो वाचला म्हणतात. इथेही दाब वाढतो, सूज असते. मग इथे का देत नाहीत?

सूक्ष्मदर्शी

अनेक वर्षे लोकांना हाच तर्क पटत होता. शेवटी आशिया आणि आफ्रिकेतल्या सहा देशांत एचआयव्ही असलेल्या रुग्णांवर रीतसर चाचणी झाली, २०१६ साली निकाल आला. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिलेल्यांमध्ये बुरशी हळू साफ होत होती आणि अपंगत्व जास्त येत होते. चाचणी मधेच थांबवावी लागली. म्हणून क्रिप्टोकॉकसमध्ये ते सरसकट देत नाहीत. क्षयाच्या मेंदूज्वरात देतात. आणि सुरुवातीला दोन्ही आजार हुबेहूब एकसारखे दिसतात: आठवडेच्या आठवडे डोकेदुखी, बारीक ताप, पाण्यात वाढलेल्या पेशी, घटलेली साखर. आता कळले ना, पाणी न तपासता 'अंदाजाने सुरू करू' म्हणणे का नडते?

एचआयव्हीतला दुसरा उलटा वाटणारा नियम: विषाणूवरची औषधे लगेच सुरू करायची नाहीत, ४ ते ६ आठवडे थांबायचे. प्रतिकारशक्ती एकदम जागी झाली तर ती मेंदूत उरलेल्या मेलेल्या बुरशीवरही तुटून पडते आणि रुग्ण त्या गदारोळात दगावतो.

चांगली बातमीही याच भागातली. २०२२ मध्ये आफ्रिकेतल्या पाच देशांतल्या चाचणीने दाखवले की लायपोसोमल अँफोटेरिसिनचा एकच मोठा डोस आणि सोबत १४ दिवस फ्लुसायटोसिन (हेही बुरशीविरोधी) व फ्लुकोनाझोलच्या गोळ्या हे आधीच्या आठवडाभराच्या अँफोटेरिसिनच्या उपचाराच्या तोडीचे ठरते. दहा आठवड्यांपर्यंतचे मृत्यू सुमारे २५ टक्के, जुन्या पद्धतीत २९. एचआयव्हीच्या रुग्णांसाठी हाच आता शिफारस केलेला मार्ग. प्रत्यारोपणवाल्यांना मात्र अजून दोन आठवडे किंवा जास्त रोज शिरेतून अँफोटेरिसिन.

अर्धविराम

माझा पहिला प्रतिसाद जरा उद्धट होता. डोकं थांबलं. गवतफूल, भाऊ आता कसा आहे, हे तुम्ही लिहिलंच नाही.

गवतफूल

उद्धट वगैरे काही नाही.

बरा आहे. 'पूर्ण' म्हणवत नाही. अँफोटेरिसिन आणि फ्लुसायटोसिन १९ दिवस चाललं, त्यात क्रिएटिनिन १.१ वरून २.४ वर गेलं, तेव्हा आई दवाखान्यात माझ्याशी बोलेनाशी झाली. नंतर उतरलं. मायकोफेनोलेट थांबवलंय. फ्लुकोनाझोलमुळे टॅक्रोलिमसची पातळी वर चढते, त्यामुळे त्याचा डोस निम्म्याहून कमी केलाय आणि दर आठवड्याला मोजतात. फ्लुकोनाझोल किमान वर्षभर. दोनदोन दिसणं गेलं. उजव्या कानाने कमी येतं, ते परत येईल असं कुणी म्हणत नाही.

पाणी एकूण सहा वेळा काढलं. दुसऱ्या वेळेपासून त्याने कमरेत वाकायची पद्धत शिकून घेतली होती. शेवटच्या वेळी दाब १७ होता आणि त्या कागदावर सही त्याने स्वतः केली.

दोन_ओळी, तुमचा 'परवा' त्याला वाचून दाखवला. त्याचा 'बुधवार' अडकतो म्हणाला.

पाणकावळा, तुम्हाला एक विचारायचं होतं: मॅग्नेशियम अजून १.४ आहे, अँफोटेरिसिन थांबून सात आठवडे झाले. हे असं रेंगाळतं का?

पाणकावळा

रेंगाळतं, किडनी गळत राहते काही काळ. पण त्याच्या बाबतीत टॅक्रोलिमससुद्धा मॅग्नेशियम उतरवतं, तेही बघावं लागेल. पुढच्या तारखेची वाट बघू नका. आजच फोन करा.